काट्यावरची बाई

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे आत्या म्हणायचे. कधीतरी तिची भाची घराची किल्ली मागायला आली होती आणि भर वाचनकक्षात तिने 'आत्या' म्हणून हाक मारली होती, तेवढं निमित्त झालं. पुढे शिपायापासून ग्रंथपाल साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. मी जगाची आत्या, आई मात्र कोणाचीच नाही, असं ती स्वतःच हसत म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला आपण हसावं की नाही ते कळायचं नाही.

सगळी नोकरी तिने देवघेवीच्या खिडकीवर काढली होती. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, कोणी उशिरा आणलं तर चष्म्यावरून नुसतं बघायचं. मुलांचे चेहरे तिला पाठ असायचे. कोण कोणासाठी वाचनकक्षात येऊन बसतो आणि तासभर एकच पान उघडं ठेवतो, हेही तिला ठाऊक असायचं. मग यंत्रं आली. मुलं आपली आपण कार्ड टेकवून पुस्तकं नेऊ लागली. साहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि म्हणाले, दूरस्थ विद्यार्थ्यांचा विभाग वाढतोय, तिथे तुमच्यासारखं जाणतं माणूस हवं. आत्या काय समजायचं ते समजली.

हा विभाग म्हणजे तळमजल्यावरची मागची खोली. पूर्वी तिथे पुस्तकांची बांधणी चालायची, आणि भिंती पुन्हा रंगवल्या तरी सरसाचा वास काही हटला नव्हता. एक संगणक, एक स्कॅनर, एक टेलिफोन आणि पार्सलं बांधायला लांबलचक टेबल. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसायची, माणसं दिसायची ती फक्त कमरेपर्यंत. देवघेवीवरच्या मुली जेवणाच्या सुट्टीत विचारायच्या, काय आत्या, अज्ञातवास कसा चाललाय? आणि डबा उघडायच्या.

काम मात्र भरपूर होतं. घरबसल्या शिकणारी माणसं कुठे कुठे विखुरलेली असायची. कोणी रात्रपाळीचा पहारेकरी, कोणी तान्ह्या बाळाची आई, कोणी जहाजावर, एक तर तुरुंगात. त्यांची मागणी आली की आत्या कपाटांमधून पुस्तक शोधून आणायची, हवं ते प्रकरण स्कॅन करून पाठवायची, अख्खं पुस्तक हवं असेल तर जाड कागदात बांधून टपालात टाकायची. कोणाला संगणकावर लेख शोधता येत नसेल तर फोनवरून शिकवायची. डाव्या कोपऱ्यात बघा, तिथे लिहा, आता खाली या. उत्तरादाखल 'मिळालं' एवढा एक शब्द यायचा, पुष्कळदा तोही नाही. दिवसभर इतक्या जणांची कामं करून संध्याकाळी खुर्चीवरून उठताना तिला वाटायचं, आज आपल्याला कोणी भेटलंच नाही.

घरी जावं तर घर भरलेलं. ती धाकट्या भावाकडे राहायची. घर दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे भावाकडे राहते म्हणणंही तसं बरोबर नव्हतं, पण तिच्या तोंडात तेच यायचं. भाऊ शांत, भावजय कामसू, भाचीचं लग्न होऊन ती गेलेली, भाचा शिकून नोकरीला लागलेला. कोणी तिला वाकडा शब्द बोलत नव्हतं. तिचं ताट वाढलेलं असायचं, तिचे कपडे इस्त्री होऊन पलंगावर यायचे. सगळं व्हायचं, फक्त तिच्याशी बोलायचं राहून जायचं. जेवताना टीव्ही चालू असायचा. आज काय झालं, असं तिला विचारलं असतं तर सांगण्यासारखं तिच्याकडे काही होतंच असं नाही, पण विचारलं असतं तर तिने शोधलं असतं.

अशात त्या बाईचा पहिला फोन आला.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी होती. हमरस्त्यालगत उगवणाऱ्या वस्त्यांवर तिला प्रबंधिका लिहायची होती आणि लेख कुठे शोधायचे तेच कळत नव्हतं. आवाज जरा घोगरा, पण बोलणं मोकळं. आत्या डावा कोपरा, उजवा कोपरा समजावत होती, तेवढ्यात पलीकडे धडधड वाढली आणि ती म्हणाली, "थांबा हं मॅडम, गाडी आली." मग कोणावर तरी ओरडल्याचा, कागद फाडल्याचा आवाज, आणि परत आली ती जिथे सोडलं होतं तिथूनच. खडीच्या खाणीजवळ ट्रकांच्या वजनकाट्यावर ती कामाला होती. गाडी रिकामी येते तेव्हा वजन घ्यायचं, भरून जाते तेव्हा घ्यायचं, पावती द्यायची. मधल्या वेळात अभ्यास.

आत्याने विभागातल्या शिपायाला ते सांगितलं. तो पार्सलं टपालात नेऊन टाकायचा आणि माणसांना नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याने तिथल्या तिथे बारसं केलं, काट्यावरची बाई.

पुढे काट्यावरच्या बाईचा फोन वरचेवर येऊ लागला. दुपारी, गाड्यांची वर्दळ मंदावली की. एखादा लेख हवा असायचा, एखादं प्रकरण. हेच ते का, असं विचारायला आत्या पुस्तकातला परिच्छेद वाचून दाखवायची, ती ऐकून म्हणायची, अजून थोडं वाचा, म्हणजे कळेल. मग वस्त्यांवरून बोलणं तिच्या वस्तीवर यायचं. तिचा नवरा कामासाठी म्हणून दूर गेला होता आणि तिकडेच रमला होता. त्याचा म्हातारा बाप मात्र हिच्याकडे राहिला. केबिनच्या मागच्या दोन खोल्यांत सून आणि सासरा राहायचे. म्हातारा दिवसातून कितीदा तरी विचारायचा, आला का तो? ती सांगायची, गाडी लेट आहे. हे ती इतकं सहज सांगायची की आत्याला हसू यायचं, आणि फोन ठेवल्यावर आपण हसलो याचं वाईट वाटायचं.

आत्या स्वतःचं काही सांगत नसे. मुळात तिला कोणी विचारलं नव्हतं. पण दुपार झाली की तिचे कान फोनकडे लागायचे. दुसऱ्या कोणाचा फोन आला की ती त्याचं काम चोख करायची आणि जरा भराभर आटपायची. अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग ग्रंथालयात सगळ्यांच्या नोंदी नव्या पद्धतीने जोडायचं काम निघालं. एका सकाळी साहेब स्वतः मागच्या खोलीत आले. ते तसे सज्जन होते, कटू काही सांगायचं असलं की आधी खिडकी उघडायचे. त्यांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, काही लोकांची नोंदणी केव्हाच संपलीये आणि आपण त्यांना सेवा देतोच आहोत. त्यांना तुम्हीच कळवा, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. नावं वाचली त्यात काट्यावरची बाई होती. वर्षभरापासून ती विद्यार्थिनी राहिली नव्हती.

आत्याला आधी वाटलं, कारकुनी चूक असेल. तिने अभ्यासक्रम विभागात विचारलं. चूक नव्हती. बाईंनी प्रबंधिका दिली नव्हती, मुदत संपली होती, मुदत वाढवून मागितली नव्हती. नाव कमी झालं होतं, आणि तसं त्यांना कळवलंही होतं.

म्हणजे तिला माहीत होतं. वर्षभर ती लेख मागत होती, आत्या जिने चढून उतरून, कपाटांवरची धूळ नाकातोंडात घेऊन तिला ते पाठवत होती, आणि तिकडे अभ्यासाचा पत्ता नव्हता. आत्या दोन दिवस फोन वाजू देत राहिली. शिपाई म्हणाला, आत्या, फोन. ती म्हणाली, ऐकू येतंय मला.

तिसऱ्या दिवशी तिने उचलला. पलीकडून नेहमीसारखं सुरू झालं, मॅडम, बरं नव्हतं का, मी किती वेळा केला. आत्याने कोरड्या आवाजात सांगितलं की आपली नोंदणी संपली आहे, यापुढे ग्रंथालयाला सेवा देता येणार नाही, नियम आहे.

मागे इंजिन धडधडत होतं, कोणीतरी हॉर्न दिला, पण आज ती थांबा म्हणाली नाही.

"माझे मार्गदर्शक सर निवृत्त झाले," ती अखेर म्हणाली. "नवीन सर म्हणाले, विषय बदला, पहिल्यापासून लिहा. माझ्यात नव्हतं हो पहिल्यापासून करायचं बळ. सोडून दिलं."

"मग लेख कशाला मागत होतात?"

"नाहीतर तुम्हाला फोन कशासाठी करायचा?"

आत्या म्हणाली, ठीक आहे, आमचं एक पुस्तक तुमच्याकडे आहे तेवढं पाठवून द्या. आणि फोन ठेवला. शिपायाने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, एक नाव कमी झालं.

पुस्तक आलं. नीट बांधलेलं, सोबत चिठ्ठी-चपाटी काही नाही. त्यानंतर दुपारी फोन वाजायचा तो इतर कोणाचा तरी. आत्या प्रकरणं स्कॅन करायची, पार्सलावर पत्ते लिहायची. एकदा तिने एका विद्यार्थ्याला, हेच प्रकरण का म्हणून परिच्छेद वाचून दाखवायला सुरुवात केली, तर तो अधीरपणे म्हणाला, मॅडम, तुम्ही पाठवा ना, मी बघतो. त्याचंही बरोबरच होतं.

घरी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. आलं असतं तरी ती काय सांगणार होती? एका बाईचा फोन यायचा, तो बंद झाला. एवढ्यावरून कोणी जेवण टाकत नाही. तिने जेवण टाकलं नाही, फक्त चव गेली. रागाचा भर ओसरला तेव्हा मागे जे उरलं ते तिला ओळखीचं वाटलं. ती बाई खोटं कारण काढून फोन करत होती हे खरं. पण 'हेच ते का' म्हणत पानामागून पान वाचून दाखवणारी कोण होती? शीर्षक सांगितलं असतं तरी भागलं असतं.

पावसाळा सरून रस्ते वाळले तेव्हा आत्याने रजा टाकली. भावजयीला सांगितलं, ऑफिसच्या कामाला बाहेरगावी जातेय, संध्याकाळपर्यंत येईन. भावजय म्हणाली, तुम्हाला कधीपासून बाहेरगावची कामं द्यायला लागले? पण उत्तराची वाट न बघता ती दूध उतू जातंय का ते बघायला गेली.

पार्सलावर कितीतरी वेळा लिहिल्यामुळे पत्ता पाठ होता. बसने तिला हमरस्त्यावर सोडलं. तिथून आत वळणारा रस्ता पांढराफटक होता, कडेची झुडपंसुद्धा पिठात बुडवून काढल्यासारखी. ट्रक गेला की काही वेळ पुढचं दिसायचं नाही. आत्या पदराने नाक झाकून चालत राहिली आणि मनात वाक्यं जुळवत राहिली. काट्याशी पोचेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक उरलं नाही.

काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लांब लोखंडी पत्रा, आणि कडेला खोक्याएवढी केबिन. तिने मनात एक किडकिडीत, चष्मेवाली मुलगी रंगवली होती. खिडकीशी बसली होती ती रुंद खांद्यांची, चाळिशी ओलांडलेली बाई. भुवयांवर खडीची पूड साचलेली, केस पांढरे झालेत की धुळीने भरलेत ते सांगता येऊ नये.

"रिकामी की भरलेली?" बाईने वर न बघता विचारलं.

"मी ग्रंथालयातून आले," आत्या म्हणाली.

बाईने वर पाहिलं. चेहऱ्यावरून तिला ओळख पटली नाही, आवाजावरून पटली. ती उठून उभी राहिली, शाळेत बाई आल्यावर उभं राहतात तशी, आणि पुस्तक पाठवलं होतं मी, असं घाईघाईने म्हणाली. आत्या म्हणाली, मिळालं.

केबिनमध्ये खुर्ची एकच. तिच्यावर तुम्ही बसा, नाही तुम्ही बसा असं झालं, आणि शेवटी दोघी उभ्याच राहिल्या. फोनवर जी माणसं तास तास बोलायची त्यांना समोरासमोर शब्द सापडेना. आत्याला वाटलं, आपण उगाच आलो. बाई रुमालाने खिडकीची काच पुसत राहिली. मध्येच तिने स्वतःहून सांगितलं, "तुम्ही पाठवलेले लेख मी सुरुवातीला सगळे वाचायचे. नंतरचे नाही वाचले. पुस्तकं उघडलीसुद्धा नाहीत. खोटं कशाला सांगू?"

आत्याला ते लागलं. जिन्यांवरची आपली दुखरी पावलं तिला आठवली. "मग 'अजून थोडं वाचा' म्हणायचात ते?"

"ते ऐकायचे. घरात मला कोणी काही वाचून दाखवलेलं नाही कधी."

तेवढ्यात मागच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि म्हाताऱ्याची हाक. एक मिनिट, म्हणून बाई धावली. ती गेली आणि नेमका एक डंपर काट्यावर येऊन उभा राहिला. चालकाने खिडकीतून डोकं काढलं. आत्याला काय करावं कळेना. समोरच्या डब्यावर लाल आकडे पळत होते, ते स्थिर झाले. देवघेवीवर सगळी हयात काढलेल्या बाईला पावतीपुस्तक दिसलं की हात आपोआप पुढे होतो. तिने वरच्या पावत्या कशा लिहिल्यात ते पाहिलं, आकडा उतरवला, गाडीचा नंबर विचारला आणि पावती फाडून दिली.

"नवीन बाई वाटतं?" चालक म्हणाला.

"आजच्यापुरती," आत्या म्हणाली.

काट्यावरची बाई परत आली तेव्हा तिचा पदर ओला होता. म्हाताऱ्याने पाण्याचा तांब्या उलटा केला होता. तिने पावतीपुस्तक पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. "मॅडम, भरलेल्या गाडीचं वजन तुम्ही रिकाम्याच्या रकान्यात टाकलंय. आज खाणीने फुकट खडी वाटली बघा." ती हसता हसता खुर्चीवर बसली, आणि आत्याही टेबलाच्या कडेला टेकली. हसणं थांबायला वेळ लागला. चालकाला गेटवर फोन करून थांबवावं लागलं.

नंतर बाईने चहा केला. म्हाताऱ्याने दारातून आत्याला निरखून पाहिलं आणि विचारलं, ही त्याच्याकडून आली का? सून म्हणाली, नाही मामंजी, ही माझ्याकडे आलीय. ते म्हणताना तिचा आवाज जरा बदलला. आत्याने कपात पाहिलं.

"तुमचं काय?" बाईने विचारलं. "इतकी वर्षं मीच बोलत राहिले. तुमच्या घरी कोण असतं?"

आत्याने सांगायला सुरुवात केली. भाऊ, भावजय, भाचा, असं मोजून झालं. सगळे चांगले आहेत, म्हणाली. मग पुढे काय सांगावं म्हणून थांबली, आणि तिच्या तोंडून निघालं, "घरात चार माणसं आहेत, पण माझा आवाज मला ऐकू येतो तो ऑफिसातच."

बाईने सांत्वनाचं काही म्हटलं नाही. तिने आत्याच्या कपात उरलेला चहा ओतला.

निघायच्या वेळी आत्याने पुन्हा नोंदणी करण्याची गोष्ट काढली. विषय बदलायची गरज नाही, दुसरे मार्गदर्शक मिळतील, मी मदत करीन. बाईने मान हलवली. "नको ताई. अभ्यासाचा आता जीव राहिला नाही. तुमचं मन राखायला हो म्हणेन आणि परत तुम्हाला फसवीन." पहिल्यांदाच ती ताई म्हणाली होती. आत्याने जास्त ओढून धरलं नाही. विभागाचा फोन विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यावर करू नकोस, असं ती म्हणाली आणि स्वतःचा मोबाईल नंबर एका कोऱ्या पावतीच्या मागे लिहून दिला. आपण तिला अगं-तुगं करायला लागलो, हे तिला बसमध्ये बसल्यावर जाणवलं.

पण फोन आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. पदरावरची पांढरी धूळ दोनदा धुऊनही पूर्ण निघाली नाही. आत्या मोबाईल बरोबर घेऊन स्वयंपाकघरात जायची, आंघोळीला जाताना कोनाड्यात ठेवायची. मग तिने आशा सोडली. त्या बाईचं काही चुकलं असं तिला वाटेना. काही कारण नसताना फोन करणं वाटतं तितकं सोपं नसतं. बाईचा नंबर विभागाच्या नोंदीत होता, पण तिने स्वतः तरी कुठे केला होता?

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तिचा फोन वाजला. भावाने टीव्हीवरून नजर काढून इकडे तिकडे पाहिलं, कोणाचा वाजतोय ते त्याला कळेना. आत्या भरल्या ताटावरून उठली आणि आपल्या खोलीत गेली.

पलीकडे काट्यावरची बाई होती. ती म्हणाली, मीच बोलतेय. आत्या म्हणाली, हो. मागणी नव्हती, प्रकरण नव्हतं. दोघींना अवघडल्यासारखं झालं. बाई म्हणाली, मी रोज नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे, काय बोलणार म्हणून. आत्या म्हणाली, मीही. मग बाईने सांगितलं की आज मामंजींनी दिवसभरात एकदाही मुलाचं विचारलं नाही. इतकी वर्षं त्या प्रश्नाने जीव खाल्ला, आणि आज तो आला नाही तर मला भीती वाटली. आत्याने धीर दिला नाही, उपायही सांगितला नाही. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिली, अधूनमधून हं म्हणत राहिली. बोलणं फार लांबलं नाही. ठेवते, म्हणून बाईने फोन ठेवला.

आत्या बाहेर आली तेव्हा भाऊ आणि भाचा उठून गेले होते. तिच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. भावजय ओटा पुसत होती. ती फडकं घेऊन तशीच थांबली.

"कोण होतं?"

"ओळखीची आहे एक. वजनकाट्यावर काम करते."

"वजनकाट्यावर? आणि तुमची ओळख कशी?"

आत्या जेवायला बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. नीट सांगता येईना. मधूनच सुरू केलं, मग मागे गेली, लेखांच्या खोट्या मागण्यांचं सांगितलं, चुकीच्या रकान्याचं सांगितलं. भावजयीने फडकं ठेवलं आणि पाट ओढून समोर बसली. सगळं तिच्या डोक्यात शिरलं असं दिसत नव्हतं. तिला एवढंच विचारावंसं वाटलं, "ती दिवसभर काट्यावर असते, मग त्या म्हाताऱ्याला दुपारचं कोण वाढतं?"

आत्याला ते माहीत नव्हतं. इतक्या दुपारी बोलून तिने ते कधी विचारलं नव्हतं.

"विचारते," ती म्हणाली, आणि घास तोंडात घालून परत म्हणाली, "उद्या मीच फोन करते आणि विचारते."